दोन वर्षांसाठी जर्मनी : घरात आणि कंपनीत काय बोलू?

गोदाकाठची | १२ एप्रिल २०२५, रात्री १०.४०

नमस्कार. मी नाशिकची, पंचवटीत राहते. अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे, चौदा वर्षं झाली. आमच्या मूळ कंपनीचा प्लांट स्टुटगार्टजवळ आहे. तिथे नवी लाइन उभी राहतेय. ती शिकून घ्यायची आणि मग अंबडला आणायची, त्यासाठी दोन वर्षं जाशील का, असं साहेबांनी गुरुवारी विचारलं. १ जुलैला हजर व्हायचं. उत्तर पंधरा दिवसांत हवंय.

घरचं सांगते. नवऱ्याचं सातपूरला छोटं वर्कशॉप आहे. दोन सीएनसी, एक जुनी लेथ, सहा माणसं, सगळं जॉबवर्क. मुलगी सहावी संपवून सातवीत जाईल, सेमी इंग्रजीला आहे, कथक शिकते. मुलगा फेब्रुवारीत सहा वर्षांचा झाला, जूनपासून पहिली. सासूबाई ७१ वर्षांच्या. शुगर आहे, पण स्वतःचं सगळं स्वतः करतात आणि सोमवारचा कपालेश्वर चुकवत नाहीत. धाकटे दीर इंदिरानगरला असतात.

मला जायचंय. हे इथे स्पष्ट लिहिते, कारण घरात अजून एवढं स्पष्ट बोलता आलेलं नाही. नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो "तू ठरव" म्हणाला आणि रात्री साडेनऊला खाली जाऊन गाडी पुसत बसला. सासूबाईंच्या कानावर अजून घातलेलं नाही. परवानगी मागितल्यासारखं मला करायचं नाहीये आणि ठरवून टाकलंय असंही सांगायचं नाहीये. आधी कंपनीकडून सगळं पक्कं करून मग घरी बोलू, की आधी घरी? ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा.

सातपूरकर | १२ एप्रिल, रात्री ११.२५

ताई, अभिनंदन. मी तीन वर्षं तिकडे काढून आलोय, म्हणून पोटतिडकीने लिहितो.

जाताना मी पगार, भत्ता, तिकीट, सगळं घासाघीस करून घेतलं. परत आल्यावर कुठे बसणार, हे मात्र विचारलं नाही. गृहीत धरलं. आलो तेव्हा माझ्या जागी ज्याला मी स्वतः शिकवलं होतं तो बसलेला, साहेब बदललेले, आणि मला "तोपर्यंत हे बघा" म्हणून एका कोपऱ्यात स्टोअरचं ऑडिट दिलं. अकरा महिने. शेवटी मी कंपनी सोडली. कंपनीचं नाव लिहीत नाही, त्याचा आता उपयोगही नाही.

तेव्हा पत्रात तीन ओळी पाहिजेतच. परतीची तारीख. परतल्यावर निदान आताच्या ग्रेडची जागा, याच शहरात. आणि नोकरी अखंड धरली जाईल, म्हणजे ग्रॅच्युइटी आणि पीएफ तुटणार नाही. तोंडी शब्द देणारा माणूस दोन वर्षांनी त्या खुर्चीत असेलच असं नाही.

आणखी एक. पगार इथल्या पेरोलवर ठेवून पाठवतायत, की तिकडच्या कंपनीचा करार करतायत? पुढचं सगळं यावर फिरतं. पाठवणी असेल तर आयसीटी कार्ड मिळतं, म्हणजे कंपनीने तिकडच्या शाखेत पाठवलेल्या माणसाचा राहण्याचा परवाना, तो जास्तीत जास्त तीन वर्षांचा. तिकडचा करार असेल तर बहुतेक ब्लू कार्ड, म्हणजे शिकलेल्या परदेशी नोकरदारांचा परवाना. दोन्हीत जोडीदाराला तिथे काम करायची मुभा असते आणि त्याच्यासाठी आधी जर्मन भाषेच्या परीक्षेची अट नसते.

पंचवटीची काकू | १३ एप्रिल, सकाळी ७.०५

अगं, मी तुझ्या सासूबाईंच्या वयाची. त्यांच्या बाजूने लिहिते.

माझा मुलगा २०११ मध्ये दोन वर्षांसाठी म्हणून गेला. दोनाची तीन झाली, मग घर घेतलं, मग मुलाची शाळा. नऊ वर्षांनी आला तेव्हा त्याचे वडील नव्हते. माझी त्याच्यावर तक्रार नाही, त्याचं तिकडे चांगलं झालं. पण प्रत्येक वेळी "अजून सहा महिने" असं फोनवर कळायचं ना, ते मनाला फार लागायचं. पहिल्याच दिवशी नऊ वर्षं म्हणाला असता तर आम्ही तशी मनाची तयारी केली असती. गुडघ्यांचं ऑपरेशन तेव्हाच उरकून घेतलं असतं.

तू त्यांना शेवटी सांगू नकोस. सगळ्यांना माहीत आहे आणि आपल्यालाच नाही, हे म्हातारपणी फार जिव्हारी लागतं. आजच सांग.

लेथवाला | १३ एप्रिल, सकाळी ९.५०

सगळे ताईंच्या नोकरीचं बोलतायत, मी नवऱ्याचं बोलतो. जॉबवर्कचा धंदा माणसावर चालतो. पार्टी, म्हणजे काम देणारी कंपनी, सकाळी ड्रॉइंग पाठवते आणि दुपारी भाव मागते. मालक जागेवर नसला की मशीन लावून देणारा सेटर सुट्ट्या काढतो, रिजेक्शन वाढतं, आणि सहा महिन्यांत पार्टी शेजारच्या गाळ्यात जाते. मी अंबडला हे डोळ्यांनी पाहिलंय. "तू ठरव" म्हणून गाडी पुसायला जाणाऱ्या माणसाच्या डोक्यात हेच चाललं असणार. तो तुम्हाला अडवत नाहीये. त्याला भीती वाटतेय आणि ती बोलून दाखवायची लाज वाटतेय. त्याला विचारा, गाळ्याचं काय करायचं. "येणार का" असं विचारू नका.

श्वाबेनमधली | १३ एप्रिल, दुपारी २.१५

मी स्टुटगार्टपासून चाळीस मिनिटांवर राहते, माहेर नाशिकरोडचं. मुलांच्या शाळेबद्दल लिहिते, कारण त्यावरच सगळ्यात कमी बोललं जातं.

इथे शाळा सक्तीची आहे. घरी बसवून ऑनलाइन नाशिकची शाळा चालू ठेवू, असं चालत नाही. सरकारी शाळा फुकट. इंग्रजी माध्यमाच्या आंतरराष्ट्रीय शाळेची फी ऐकून डोळे फिरतील, कंपनी भरत असेल तरच तो विचार करा. बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये, म्हणजे आमच्या या राज्यात, शाळा सप्टेंबरच्या मध्याला सुरू होतात, यंदा १५ सप्टेंबरला. लहान्याला पहिलीपासून सुरुवात मिळेल, तो दिवाळीपर्यंत बोलायला लागेल. मोठीला आधी भाषेच्या तयारीचा वर्ग देतील, फोरबेराइटुंग्सक्लासे म्हणतात. पहिले चारपाच महिने ती घरी येऊन रडेल. हे तिला आधीच सांगा. माझ्या मुलीला मी सांगितलं नव्हतं. ती तेव्हा अकरा वर्षांची होती आणि तिला वाटलं की आपणच मठ्ठ आहोत.

१ जुलैची तारीख घेऊ नका! जुलैच्या शेवटी इथे सहा आठवड्यांची सुट्टी लागते. नव्या गावात, भाषा येत नाही, शाळा बंद, आणि तुम्ही दिवसभर प्लांटवर. मुलांचे फार हाल होतात.

घरी यायच्या रजेचंही बघून घ्या. शाळा चालू असताना परवानगीशिवाय मुलांना सुट्टीवर नेलं तर दंड होतो. म्हणजे यायचं ते शाळेच्या सुट्ट्यांत, आणि तेव्हाच तिकिटं महाग. दिवाळी यंदा २० ऑक्टोबरच्या आसपास, इथली शरदाची सुट्टी त्यानंतरच्या आठवड्यात. हुकतेच. म्हणून भत्ता ठरीव रकमेत मागू नका, "चौघांची जाण्यायेण्याची तिकिटं, वर्षातून एकदा" असं लिहून घ्या.

हिशेबनीस | १३ एप्रिल, रात्री ९.००

मी सीए आहे, कॉलेज रोडला बसतो. थोडक्यात सांगतो, अंतिम सल्ला कागद बघूनच.

नोकरीसाठी परदेशी जाणारा माणूस त्या आर्थिक वर्षात भारतात १८२ दिवसांपेक्षा कमी राहिला तर अनिवासी धरला जातो. १ एप्रिलपासून मोजलं तर २८ सप्टेंबरला १८१ दिवस होतात. त्याच्या आत निघालात तर त्या वर्षीचा तिकडच्या कामाचा पगार इथल्या जाळ्यात येण्याची शक्यता कमी. ऑक्टोबरात निघालात तर वर्षभराचं जगातलं सगळं उत्पन्न इथे दाखवायचं आणि मग दुहेरी कर टाळण्याच्या कराराखाली सूट मागत बसायचं.

इथल्या पेरोलवर जाणार असाल तर ईपीएफओ, म्हणजे पीएफच्या कार्यालयाकडून सर्टिफिकेट ऑफ कव्हरेज काढा. भारत आणि जर्मनीचा सामाजिक सुरक्षा करार आहे, पाठवणीवरच्या माणसाला ४८ महिन्यांपर्यंत तिथली पेन्शनची वर्गणी लागत नाही, इथला पीएफ चालू राहतो. ती वर्गणी पगाराच्या १८.६ टक्के असते, अर्धी कामगाराची, अर्धी मालकाची. म्हणजे हे सर्टिफिकेट काढलं की तुमचा आणि कंपनीचा, दोघांचाही पैसा वाचतो. बोलणी करताना हे माहीत असू द्या. आरोग्य विमा वेगळा विषय आहे, तो कोणाचा आणि त्यात मुलं आहेत का, हे लेखी घ्या.

कराचा वर्ग हा फार मोठा मुद्दा. जोडीदार तिथे सोबत राहत असेल तर जर्मनीत तिसरा वर्ग मिळू शकतो, त्यात दरमहा कर कमी कापतात; जोडीदार नाशिकला राहिला तर पहिला. हातात येणाऱ्या पगारात दर महिन्याला जाणवेल इतका फरक पडतो. पण तुमच्या यजमानांचा तिथे पत्ता नोंदला गेला की त्यांच्या वर्कशॉपचं उत्पन्नही तिथल्या रिटर्नमध्ये सांगावं लागेल. म्हणून पगार ढोबळ आकड्यात ठरवू नका, हातात किती युरो येतील ते ठरवा आणि दोन्ही देशांच्या करसल्लागाराचा खर्च कंपनीकडे टाका. बँकेतलं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी माणसाचं खातं, करून घ्यायला विसरू नका.

गोदाकाठची | १५ एप्रिल, रात्री ११.१०

सगळ्यांचे मनापासून आभार. काकू, तुमचा प्रतिसाद वाचून त्याच संध्याकाळी सासूबाईंना सांगितलं.

त्या ओट्याजवळ पाटावर बसून गवार मोडत होत्या. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं. त्यांनी हातातली शेंग मोडली, दोर काढला, ताटलीत ठेवली, आणखी चार शेंगा तशाच मोडल्या. मग म्हणाल्या, "कधी जाशील ते कंपनी सांगेल. कधी येशील ते तू सांग." मी म्हटलं, दोन वर्षं. तर म्हणाल्या, "दोन वर्षं म्हणजे किती? सिंहस्थाच्या आत की नंतर?" २०१५ च्या सिंहस्थात सासरे होते, त्यांचा हात धरून त्या रामकुंडावर गेल्या होत्या. २०२७ च्या पावसाळ्यात पुढचा. त्यांना आम्ही सगळे तेव्हा घरात हवे आहोत, एवढी एकच अट. आणि गणपती घरातला आहे, तो उठल्याशिवाय निघायचं नाही.

मी वही काढली आणि लिहून घेतलं. तिथूनच सगळं सोपं झालं. जेवणानंतर सगळ्यांना म्हटलं, येता का, जाऊ का, हे कोणी बोलायचं नाही. जायचं झालं तर तुम्हाला काय काय लागेल तेवढं सांगा, मी ते कंपनीपुढे ठेवते. मिळालं तर जाऊ.

मुलीने लेखी दिलं, कथकच्या वहीच्या शेवटच्या पानावर. एक, गांधर्वची परीक्षा बुडू नये. दोन, रोज रियाझाला जागा. तीन, मैत्रिणीशी बोलायला स्वतःचा फोन. चौथा मुद्दा खोडलेला होता. उजेडात धरून वाचला, "नापास झाले तर रागवायचं नाही" असं होतं. तो मी परत लिहून काढला आणि खाली सही केली.

नवरा शेवटी बोलला, लेथवाले भाऊ, अगदी तुम्ही लिहिलंत तसंच. एका पार्टीकडून साठ टक्के काम येतं, ती गेली तर परत आल्यावर शून्यापासून सुरुवात. मी चौदा वर्षं त्याच्यासोबत आहे आणि हा साठ टक्क्यांचा आकडा मला माहीत नव्हता.

लेथवाला | १६ एप्रिल, सकाळी ८.३०

मग त्या पार्टीला आत्ताच जाऊन भेटा, दोघांनी. लपवू नका. सेटरला थोडा हिस्सा द्या, पगारवाढीपेक्षा ते टिकतं. दीर रोज संध्याकाळी एक तास गाळ्यावर जाऊ शकतात का? बिलं, जीएसटी, बँक हे सगळं कुठूनही होतं, फक्त इथलं सिम चालू ठेवा, ओटीपी त्यावरच येतो.

श्वाबेनमधली | १६ एप्रिल, दुपारी १.४०

यजमानांनी सलग दोन वर्षं इथे राहायलाच हवं असं नाही. तीन-चार महिने इथे, दीड-दोन महिने नाशिकला, असं चालतं. सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त जर्मनीबाहेर राहिलं तर परवाना जातो, तेवढं सांभाळा. लहान्याची शाळा दुपारीच सुटते, तेव्हा ते नसतील त्या महिन्यांसाठी दुपारच्या पाळणाघराची सोय हवी, त्याला होर्ट म्हणतात. जागा पटकन मिळत नाही, मेमध्येच अर्ज करायला कंपनीला सांगा. सासूबाई शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवस येऊन राहू शकतात. किमान ३०,००० युरोचा प्रवास विमा लागतो, आणि त्यांच्या शुगरचं त्यात काय, ते नीट वाचा.

घुंगरांचं : रात्री दहानंतर आणि रविवारी नाही. लाकडी जमिनीवर तत्कार केला की खालच्या घरात ढोल वाजतो. जाड रबरी चटई घ्या आणि पहिल्याच आठवड्यात खालच्यांना लाडू देऊन मुलीची ओळख करून द्या. आमच्या खालच्या आजी आता स्वतःहून विचारतात, आज नाच नाही का.

घरभाड्यात काल्ट म्हणजे नुसतं भाडं, वार्म म्हणजे पाणी, गरम करणं वगैरे धरून. अनामत तीन महिन्यांच्या काल्ट भाड्यापर्यंत. पुष्कळ घरांत ओटा, सिंक, शेगडी काहीच नसतं, भिंतीतून नुसते नळ बाहेर आलेले. पहिले तीन महिने कंपनीने सामानासकट घर द्यावं, असं मागा.

नाशिकरोडचा | १६ एप्रिल, रात्री १०.०५

कागदांचं कोणी बोललं नाही. लग्नाचा दाखला महापालिकेचा आहे ना? मुलांच्या जन्मदाखल्यावर पूर्ण नाव, इंग्रजीत आणि पासपोर्टशी जुळणारं? माझ्या मुलाच्या दाखल्यावर नुसतं "बाळ" होतं, त्यात सात आठवडे गेले. आपलं अपोस्टील, म्हणजे दाखला खरा असल्याचा सरकारी शिक्का, जर्मनी मानत नाही, तेव्हा कोणी एजंट त्याचे पैसे मागत असेल तर आधी वकिलातीच्या यादीत बघा. व्हिसासाठी कुठे जावं लागेल तेही आधी बघून घ्या.

पंचवटीची काकू | १७ एप्रिल, सकाळी ६.५०

मुलीचं शिष्यवृत्तीचं वर्ष तिकडे जाईल गं. आणि मराठी सुटू देऊ नकोस. परत येऊन नववीत बसायचं तर मराठीचा पेपर आहेच, आता आपल्याकडे कुठल्याही बोर्डाच्या शाळेत मराठी सक्तीचं आहे. सातवी-आठवीची पुस्तकं सोबत ने. रोज एक पान आजीला फोनवर वाचून दाखवू दे. उन्हाळ्यात आपण साडेतीन तास पुढे असतो, थंडीत साडेचार. तिची शाळा सुटते तेव्हा आजीची दिवेलागण. चांगली वेळ आहे.

गोदाकाठची | २४ एप्रिल, रात्री ९.३०

आज एचआर आणि साहेबांसमोर बसले. वही सोबत नेली होती.

पैशापासून सुरुवात केली नाही. तारखांपासून केली. म्हटलं, मी ८ सप्टेंबरला निघते आणि जून २०२७ च्या पहिल्या आठवड्यात परत येते. एकवीस महिने. त्यांना १ जुलै हवा होता. मी कारणं एकामागून एक सांगितली. तिथली शाळा १५ सप्टेंबरला उघडते, इथली जूनच्या मध्याला. विसर्जन ६ सप्टेंबरला. आणि जुलै-ऑगस्टमध्ये लाइनचं मशीन अजून बसणारच नाही, हे त्यांच्याच प्लॅनमध्ये लिहिलेलं होतं, ते पान काढून दाखवलं. साहेब हसले आणि म्हणाले, हे आधी कोणी बघितलंच नाही. जुलैत एकटीने दोन आठवडे जाऊन घर आणि शाळा बघून यायचं, हे त्यांनी स्वतःहून सुचवलं.

मिळालं ते : परतीची तारीख पत्रात, मुदत वाढवायची तर माझ्या लेखी संमतीशिवाय नाही. परतल्यावर अंबडलाच, आताच्या ग्रेडपेक्षा खाली नाही. इथल्या पेरोलवर पाठवणी, पीएफ चालू. चौघांची वर्षाला एकदा तिकिटं, शिवाय घरी कोणी गंभीर आजारी पडलं तर एक जादा तिकीट, ते कोणासाठी वापरायचं ते मी ठरवणार. तीन महिने सामानासकट घर. सगळ्यांच्या जर्मन शिकवणीचे पैसे. दोन्हीकडचा करसल्लागार.

नाही मिळालं ते : होर्टची फी, आणि नवऱ्याच्या दर तीन महिन्यांच्या येण्याजाण्याचा खर्च. तो आम्ही करणार. "हातात किती" वर आकडा ठरला, तो मी मागितल्यापेक्षा कमी आहे. रात्री दोघांनी कागदावर मांडून बघितलं. दोन वर्षांत गाडी घेण्याइतके पैसे मागे पडणार नाहीत, घराचा हप्ता थकणार नाही आणि वर्कशॉपच्या भाड्याला हात लावावा लागणार नाही. आम्हाला पुरे आहे.

ती पार्टी आम्ही रविवारी जाऊन भेटलो. मालकांनी सहा महिने बघू म्हणून शब्द दिला. शब्दच आहे, कागद नाही, हे नवऱ्याला माहीत आहे. तो पहिल्या खेपेला आमच्यासोबत येईल आणि दिवाळीला परत जाईल, म्हणजे आईजवळ दिवाळीत कोणीतरी असेल.

सासूबाईंनी पत्र मागून घेतलं. इंग्रजी येत नाही त्यांना. कुठे लिहिलंय ते दाखव म्हणाल्या. मी तारखेवर बोट ठेवलं. त्यांनी चष्मा पुसून तो आकडा दोनदा वाचला आणि पत्राची झेरॉक्स देवघरातल्या पंचांगात ठेवून दिली.

सातपूरकर | २४ एप्रिल, रात्री ९.५५

लेखी संमतीची ओळ घेतलीत, फार बरं केलंत. सही झालेली प्रत घरच्या मेलवरही पाठवून ठेवा, कंपनीचा मेल जाता-येता बंद होतो.

श्वाबेनमधली | २५ एप्रिल, दुपारी १२.३०

घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करायची असते, घरमालकाच्या सहीचा कागद लागतो, तो विसरू नका. कुकरच्या दोन जादा रिंगा आणि शिट्टी घ्या. गोडा मसाला घरचाच आणा.

विमान कधी उतरतं ते निरोपात कळवा. पहिल्या रात्रीचा डबा मी घेऊन येते, मुलीला काय आवडतं तेवढं सांगा.

गोदाकाठची | २५ एप्रिल, दुपारी १२.५०

वरणभात आणि बटाट्याच्या काचऱ्या.